रेती सरकली की काठ तुटला?

उन्हाळ्यात ज्या रेतीवर डांगरवाडी (टरबूज-खरबुजाची वाडी) होती, तिथं दिवाळीला कंबरभर पाणी असतं. पलीकडच्या वावराची कडही चार हात आत आलेली दिसते. दोन्हीला "नदीनं खाल्लं" म्हणून एकच हिशेब लावला, तर तो चुकतो. पात्रातली रेती पुढच्या पुरात भरून येऊ शकते. काठाची माती एकदा पडली की गेली. वैनगंगेच्या रेताड पात्रात पहिला प्रकार ठळक दिसतो, तर पूर्णेच्या उंच मातीच्या काठांवर दुसरा.

ही घट मोजताना दोन्हीकडे एक पथ्य सारखंच: पाण्याच्या कडेपासून मोजू नका. रेतीचा उतार ५० ला १ असेल, तर पाणी १० सेंमी चढताच कड ५ मीटर सरकते. भरती-ओहोटी वीतभरही नसलेल्या समुद्रात ती कड थोडीफार खूण म्हणून चालते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या खाली मात्र धरणाची दारं उघडली की ती दिवसात बदलते.

रेतीसाठी पात्राचा आडवा छेद घ्यायचा. पूर पोचणार नाही अशा जागी, काठापासून बरंच मागे, सिमेंटमध्ये दोन खुंट्या पात्राला आडव्या एका रेषेत रोवा. दरवेळी रेष तीच हवी. रेषेवर दर २ मीटरला आणि जिथं उतार मोडतो तिथं उंची घ्या. गवंड्याची पाण्याची नळी याला पुरते. फक्त आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघा. बुडबुड्यामुळं सेंटिमीटरांचा फरक पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक आकड्यात चढत जातो.

समजा, शेजारच्या दोन बिंदूंवर रेती ३० आणि ५० सेंमी उतरली. सरासरी ०.४ गुणिले २ मीटर, म्हणजे ०.८ चौरस मीटर. पात्राच्या ५० मीटर लांबीत घट अशीच असेल, तर ४० घनमीटर, म्हणजे सुमारे १४ ब्रास.

आता खरी मेख. मे महिन्याचा छेद नोव्हेंबरच्या छेदाशी ताडला, तर दिसतो तो फक्त मोसमी फेरबदल. नदी खरोखर खोल जातेय का, हे मे ते मे ताडल्यावरच कळतं. तेही एका वर्षावरून ठरवू नये, कारण एखादा मोठा पूर सगळं चित्र उलटवतो. जवळ रेतीघाट चालू असेल तर उपशाच्या तारखा वहीत लिहा. यंत्रानं केलेला खड्डा मोसमाच्या खात्यात जाता कामा नये.

छेदाला एक गोष्ट दिसतच नाही. भर पुरात रेती खरवडली जाते आणि पूर उतरताना तिथंच नवी बसते. वरून पातळी तीच. यासाठी उन्हाळ्यात लोखंडी साखळी उभी पुरतात. खड्डा खणून पुरली तर भोवतालची भुसभुशीत रेती आधी निघते आणि आकडा फुगतो, म्हणून पाइप ठोकून त्यातून साखळी सोडावी, मग पाइप उपसावा. पुरानंतर उकरल्यावर साखळी जिथं आडवी पडलेली सापडते, तिथवर रेती निघाली होती. तिच्यावरचा थर नंतर बसलेला.

काठाचं गणित निराळं. पुरात काठाला पाण्याचा टेकू असतो. पाणी झपाट्यानं उतरलं की भिजलेली, जड माती निराधार होते आणि ढासळते. खालचा रेताड थर आधीच निघून पोकळी झाली असेल, तर वरची काळी माती उन्हाळी भेगेवर तुटून अख्खी शिळेसारखी पडते. म्हणूनच काठ बऱ्याचदा पूर गेल्यावर पडतो. "आता धोका टळला" म्हणून कडेला बैल बांधणं तेव्हा सगळ्यात वाईट.

काठ हळूहळू झिजत असेल तर मीटरभर लांबीची १० मिमी सळई काठाच्या अंगात आडवी ठोका, १० सेंमी बाहेर ठेवा. पुढच्या खेपेला १८ दिसली, तर ८ सेंमी माती गेली. ६ दिसली, तर काठ वाढला असं समजू नका. वरची ढासळलेली माती सळईभोवती साचलेली असते. शिळाच पडली तर सळईही जाते. अशा काठावर वावरात आत खुंटी रोवून तिथून कडेपर्यंत टेप लावणं हेच बरं.

हा फरक मदतीच्या कागदावरही आहे. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत शेतात साचलेली रेती-गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये आहेत, तेही थर ३ इंचांहून जास्त असेल तरच. नदीनं प्रवाह बदलून जमिनीचा मोठा भाग गेला, तर हेक्टरी ४७,०००. थर मोजताना बांधाजवळ एकच खड्डा घेऊ नका, तिथं गाळ जास्तच साचतो. वावरभर पाच-सहा ठिकाणी, जुनी नांगरट किंवा पिकाची मुळं लागेपर्यंत उकरा आणि पट्टी आत उभी धरून फोटो घ्या.