वीतभर पंखांचं विमान आणि त्यामागचे १३ दिवस

माझ्या टेबलावर सध्या एक विमान अर्धवट उभं आहे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं तर १६.९ सेंटिमीटर, माझी वीतसुद्धा पुरती भरत नाही. खरं विमान ८.११ मीटरचं होतं, म्हणजे हे त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं. नाव एस.ई.५ए. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. शेपटीजवळ बी-१८० हा क्रमांक येणार आहे, कारण त्या क्रमांकाच्या विमानात इंद्रलाल रॉय बसत असत.

पाच किंवा जास्त शत्रूविमानं पाडणाऱ्या वैमानिकाला 'एस' म्हणतात. त्या महायुद्धात हा मान मिळवणारा भारतीय एकच, इंद्रलाल रॉय. किट विकत घेऊन, सूचनांचा कागद समोर ठेवून विमान जोडायचं तर चार रविवार पुरे होतात. पण एका ठरावीक माणसाचं विमान करायचं म्हटलं की हात जागोजागी थांबतो. प्रोपेलर दोन पात्यांचा की चार? रंग हिरवा की तपकिरी? वरच्या पंखावर ती एक बंदूक एकटी का? उत्तरं डब्यात नसतात. त्यासाठी १९१८ मध्येच जावं लागतं.

रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा, कोलकात्याचा. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या तेव्हाच्या विमानदलात, जायचं मनात घेतलं, तर म्हणे डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. मग स्वतःची मोटारसायकल विकून त्या पैशांत मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेतली, असं सांगतात. जुलै १९१७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले, तेव्हा वय होतं १८. त्या काळी भारतीय तरुणाला लष्करात राजाचं कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकारीपद, मिळत नसे. ते दार हवाईदलाच्या बाजूने नुकतंच किलकिलं झालं होतं. त्याच काळातले दुसरे एक भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक यांना तर ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या शिक्षकांनी थेट या विमानदलाच्या जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिल्यावर प्रवेश मिळाला. मलिक यांनी पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट बनवून घेतलं होतं.

ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस रॉय ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले आणि ६ डिसेंबरला, म्हणजे एकोणीस पूर्ण होऊन चारच दिवस झालेले असताना, त्यांचं एस.ई.५ए कोसळलं. मेले असं समजून त्यांना शवागारात ठेवलं होतं, शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार वाजवलं, अशी कथा आहे. ती जितकी प्रसिद्ध आहे त्यापेक्षा मला पुढची गोष्ट जास्त जवळची वाटते. बरे होत असताना त्या पोराने विमानांची चित्रं काढली, पुष्कळ काढली, आणि त्यातली बरीच आजही शिल्लक आहेत. ज्या यंत्राने जवळजवळ जीव घेतला त्याचेच पंख, चाकं, तारा तो कागदावर उतरवत होता. मॉडेल करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. यंत्रावर जीव जडल्याशिवाय माणूस त्याच्या तारा मोजत बसत नाही.

डॉक्टरांनी उड्डाणाला नालायक ठरवलं होतं, तरी धोशा लावून ते जून १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सला गेले. या वेळी ४० वं स्क्वाड्रन, आणि वरिष्ठ जॉर्ज मॅकेलरॉय. ६ जुलैला पहिलं विमान पाडलं. ८ तारखेला एका सकाळी, चार तासांच्या आत, तीन. १९ जुलैपर्यंत १३ दिवसांत दहा झाली, त्यातली दोन सहकाऱ्यांबरोबर मिळून पाडलेली. २२ जुलैला कार्व्हँ गावावर जर्मन फोकर डी-७ विमानांशी लढताना ते पडले. वीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. याच स्क्वाड्रनमध्ये नाव कमावलेले मिक मॅनॉक २६ जुलैला गेले आणि मॅकेलरॉय ३१ ला. तिघेही एस.ई.५ए चे वैमानिक. तिघेही दहा दिवसांत.

आता विमानाकडे वळतो. एस.ई. म्हणजे 'स्काउट एक्स्परिमेंटल'. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत हेन्री फोलंड, जॉन केनवर्दी आणि चाचणी वैमानिक फ्रँक गुडन यांनी ते आखलं. पहिलं उड्डाण २२ नोव्हेंबर १९१६. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९१७ मध्ये, याच प्रकारच्या नमुना विमानाचे पंख हवेत मोडून गुडन ठार झाले. मग पंखांची बांधणी मजबूत केली गेली. पुढे या विमानाबद्दल वैमानिकांना वाटणारी खात्री, की कितीही वेगाने खाली सूर मारा, पंख जागचे हलणार नाहीत, ती तिथून आली. अल्बर्ट बॉलसारख्या निष्णात वैमानिकाला सुरुवातीला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण सुधारणा होत गेल्या आणि युद्ध संपेपर्यंत पाच हजारांवर विमानं तयार झाली.

प्रोपेलरचा प्रश्न इंजिनात दडला आहे. हिस्पानो-सुइझा कंपनीचं हे आठ सिलिंडरचं इंजिन मार्क बिर्किग्त या स्विस इंजिनिअरचं. आधी १५० अश्वशक्तीचं होतं. मग २०० ची मागणी आली आणि त्यासाठी प्रोपेलर आणि इंजिन यांच्यामध्ये गिअर बसवले. गिअरची काही चाकं कच्ची निघाली, इंजिनं वेळेवर येईनात, आणि १९१८ च्या सुरुवातीला शेकडो विमानं नुसते सांगाडे होऊन इंजिनाची वाट पाहत उभी राहिली. शेवटी वूल्स्ली कंपनीचं 'व्हायपर' आलं. मूळ तेच इंजिन, पण गिअरशिवाय. गिअरवालं इंजिन असेल तर सहसा चार पात्यांचा प्रोपेलर आणि व्हायपर असेल तर दोन पात्यांचा, नाकासमोरच्या रेडिएटरचा चेहराही निराळा. म्हणून चांगल्या किटमध्ये दोन्ही नाकं येतात आणि जोडणाऱ्याला आधी फोटो बघावा लागतो.

बंदुकीचं तसंच. नाकावर डावीकडे एक व्हिकर्स, तिच्या गोळ्या फिरत्या पात्यांच्या मधून जाव्यात म्हणून तेलाच्या दाबावर चालणारी कॉन्स्टँटिनेस्को यांची यंत्रणा. दुसरी, लुईस, वरच्या पंखावर, म्हणजे पात्यांच्या कक्षेच्याही वर. तिला कसलीच यंत्रणा लागत नाही. पण ९७ गोळ्यांची थाळी संपली की नवी बसवायची कशी? सार्जंट फोस्टर यांनी त्यासाठी एक वाकडा रूळ काढला. वैमानिकाने बंदूक त्या रुळावरून स्वतःकडे खाली ओढायची, विमान चालवायचा दांडा गुडघ्यांत धरून थाळी बदलायची आणि बंदूक परत वर ढकलायची. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात, उघड्या कॉकपिटमध्ये. तो रूळ माझ्या मॉडेलवर नखाएवढा आहे. चिमट्यात धरून त्याची वाक बघितली की १९ वर्षांच्या मुलाचा वर गेलेला हात दिसतो.

सर्वांत जास्त वाद रंगावर. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला पी.सी.१० नावाचं लुकण लावत. पिवळी गेरूसारखी माती आणि काजळी यांचं मिश्रण. पिवळ्यात काळं मिसळलं की हिरवट छटा येते, हे शाळेत रंगपेटी वापरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण ते कशात कालवलं, किती ऊन-पाऊस खाल्लं यावर ते कधी ऑलिव्ह हिरवं, कधी चॉकलेटी दिसे. खालची बाजू मात्र बिनरंगी, नुसतं पारदर्शक डोप, म्हणजे कापड ताठ करणारं लुकण, चढवलेलं लिनन, सायीच्या रंगाचं. मी हिरवट तपकिरी निवडला आहे आणि वरच्या पंखाला किंचित उडालेला दाखवणार आहे, कारण जुलैचं ऊन त्यावरच पडणार.

हा छंद कुठून आला तेही सांगायला हवं. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतात, त्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. प्रमाणाचा आग्रह विमानांबरोबर आला. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी संच निघाले, १:७२ या प्रमाणात. हिशेब साधा, सहा फुटांचा माणूस एक इंचाचा. १९३६ पासून 'फ्रॉग पेंग्विन' हे प्लॅस्टिकचे संच आले. दुसऱ्या महायुद्धात हेच खेळणं कामाला लागलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला शिकवण्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १:७२ ची पाच लाख मॉडेलं मागवली. युद्धानंतर एअरफिक्सने १९५३ मध्ये स्पिटफायरचं किट काढलं आणि मॉडेल घराघरात गेलं.

मी मुंबईत बसून कोलकात्याच्या वैमानिकाचं विमान करतो, तेव्हा मुंबईचं कुणी नव्हतं का, असं मित्र विचारतात. होतं. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर, याच शहरातले. केंब्रिजला शिकले, २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत आणि जून १९१८ च्या अखेरीस, रॉय यांच्या आधी तीन आठवडे, गेले. ते एस नव्हते. त्यामुळे त्यांचं नाव गिरगाव-दादरमध्ये दहा माणसांना विचारलं तर दहाही नकारार्थी माना हलवतील. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरकलेला असतो, नेहमीच्या उलट. ते किट मी आणून ठेवलं आहे.

रॉय यांना मृत्यूनंतर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. त्यांची कबर फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावात आहे. तिच्यावर बंगालीत लिहिलं आहे की ही महावीराची समाधी आहे, आदर दाखवा, स्पर्श करू नका. १९९८ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. भारतीय हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्यांचे भाचे.

आता तारांचं काम उरलं आहे. एस.ई.५ए च्या पंखांमधल्या तारा गोल नव्हत्या, वारा कापावा म्हणून चपट्या होत्या, आणि त्यांचं नावच 'रॅफवायर' पडलं होतं. म्हणून मासेमारीची दोरी चालत नाही, ताणली की चपटी राहणारी बारीक लवचिक दोरी लागते. बाहेर पाऊस, खोलीत पंखा बंद, कारण तो चालू असला की दोरीचं टोक हलतं. सुपरग्लू हवेतल्या ओलीवरच घट्ट होतो, तेव्हा आपल्या पावसाळ्यात तो थेंब टेकवता टेकवता धरतो आणि भोवती पांढरी भुकटी सोडतो. म्हणून सुईच्या टोकावर घेऊन एका वेळी एकच गाठ लावायची. काल रात्री डाव्या बाजूच्या पुऱ्या झाल्या. लुईस अजून लावलेली नाही. ती वर न ठेवता रुळावरून खाली ओढलेली बसवायची, थाळी काढलेली, असं ठरवलं आहे.