नसांचा ऑटोइम्यून दाह आणि वनस्पतिजन्य औषधे : पार्श्वभूमी
१९१६ मध्ये गिलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली; त्या आजाराला पुढे गिलेन-बॅरे हे नाव पडले. दोघांच्याही हातापायांतले बळ कमी झाले होते आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात प्रथिने वाढलेली असूनही पेशी मात्र वाढल्या नव्हत्या. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच नसांवर उलटू शकते, म्हणजेच असा दाह ऑटोइम्यून असू शकतो, याचा भक्कम पुरावा पुढे प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाला. १९५५ मध्ये वॅक्समन आणि अ‍ॅडम्स यांनी सशांना नसांच्या ऊतींचे मिश्रण टोचून तसाच दाह घडवून आणला.

वनस्पतिजन्य द्रव्यांची पहिली परीक्षा आजही याच पद्धतीने, बहुधा लुईस जातीच्या उंदरांवर होते. टोचल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत उंदराची शेपटी लुळी पडते, मग मागच्या पायांतले बळ जाते, आणि या खुणा रोज पाहून आजाराच्या तीव्रतेला गुण दिले जातात. हळदीतील कर्क्युमिनची अशी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या उंदरांत लक्षणे सौम्य राहिली आणि मांडीच्या नसेत शिरणाऱ्या दाहक पेशीही घटल्या. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, ही अडचण मात्र कायम आहे.

उंदरांतील यशावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे स्टेरॉइडच्या उदाहरणावरून कळते. स्टेरॉइडने उंदरांतला हा दाह आटोक्यात येतो. गिलेन-बॅरेच्या रुग्णांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. त्यांच्यावरील सिद्ध उपचार आजही दोनच आहेत, ते म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे) देणे. वनस्पतींच्या अर्काच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते (प्रयोगांच्या बातम्यांत तिचा उल्लेख क्वचितच असतो): त्यात अनेक द्रव्ये एकत्र असतात आणि झाडाची जात, काढणीचा हंगाम व अर्क काढण्याची रीत यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. म्हणूनच संशोधनाचा कल एकेक रेणू वेगळा काढण्याकडे राहिला.

या वाटेने सर्वांत दूरवर गेलेले उदाहरण फ्युमॅरिक आम्लाचे आहे. फ्युमॅरिया या वनस्पतीवरूनच त्याला हे नाव पडले. श्वेकेनडीक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सोरायसिस या त्वचारोगावर त्याचा उपयोग सुचवला. त्याच आम्लापासून कृत्रिमरीत्या बनवलेल्या डायमिथाइल फ्युमरेटला २०१३ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्यता मिळाली. नसांचा दाह असलेल्या उंदरांतही ते गुणकारी ठरले आहे. पण मान्यता मिळाली ती मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारासाठी, हातापायांच्या नसांसाठी नव्हे.