सत्तरी उलटली, तरी वय वंदना कार्ड अडतं कुठे?

सत्तरीपुढच्यांना रुग्णालयात मोफत उपचार मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला शेवटची तारीख नाही. हे सगळ्यात आधी सांगायचं कारण, अधूनमधून सोसायटीच्या ग्रुपवर ‘महिनाअखेरपर्यंत काढा, नंतर बंद’ असा मेसेज फिरतो आणि दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या सेंटरवर आजी-आजोबांची झुंबड उडते. योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. वयाची ७० वर्षं पूर्ण झाली की पुढे कधीही नोंदणी करा. उत्पन्नाची अट नाही. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत, जुन्या आजारांसकट, पहिल्या दिवसापासून. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे ५ लाख दोघांत मिळून.

कागद एकच लागतो, आधार. आणि सगळा घोळ तिथेच आहे.

वय आधारवरचंच धरतात. पेन्शनचं पुस्तक नाचवून उपयोग नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली १ जून, नाहीतर आधार काढणाऱ्याने अंदाजाने टाकलेली १ जानेवारी, यावर अर्धी पिढी जगते आहे. तारीख चुकली असेल तर आधी आधार दुरुस्त करावं लागतं, पण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून पासपोर्ट, जन्मदाखला किंवा बोर्डाची गुणपत्रिका हातात असल्याशिवाय त्या खिडकीवर जाऊच नका. १९५० च्या आसपास कोकणात घरी जन्मलेल्या बाईकडे जन्मदाखला कुठून असणार, हे नियम करणाऱ्यांना कोणी विचारावं! यातलं काहीच नसेल आणि वर्ष-दोन वर्षांचाच फरक असेल, तर आधारवर सत्तर भरेपर्यंत थांबलेलं बरं. तोवर रेशन कार्डावरची योजना आहे, ती खाली सांगतो.

दुसरी अडचण ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि तो नंबर बहुतेक वेळा कधीच बंद पडलेला असतो किंवा परदेशी गेलेल्या मुलाचा असतो. मग बोटांचे ठसे. जन्मभर भांडी घासलेल्या हातांवर ठसे उरलेले नसतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक काकू अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा मशीनवर दाबत होत्या. म्हटलं, ‘काकू, राहू द्या, चेहऱ्यावरून करू.’ तर म्हणाल्या, ‘मग मघाशी का नाही सांगितलंस रे?’ बरोबरच होतं त्यांचं. आयुष्मान अ‍ॅपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, पण सेंटरवाला ते आपणहून क्वचितच सांगतो. आपणच मागणी करा. खिडकीकडे तोंड करून, उजेडात, चष्मा काढून बसवा. आणि नोंदणी फुकट आहे, ‘दोनशे द्या, करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

ज्यांच्याकडे आधीचं आयुष्मान कार्ड आहे ते ‘आमचं झालंय’ म्हणून घरी बसतात. तसं नाही. सत्तरीपुढच्यांना वेगळे ५ लाख मिळतात, पण त्यासाठी ई-केवायसी पुन्हा करून वय वंदना कार्ड नव्याने काढावं लागतं.

आता खरा जपून टाकायचा पाय. अर्जात विचारतात की तुम्ही सीजीएचएस (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसचे लाभार्थी आहात का. असाल तर दोन्हींतलं एकच ठेवता येतं, आणि ही निवड एकदाच करायची असते. केंद्र सरकारच्या निवृत्तांना माझं स्पष्ट सांगणं: मोहात पडू नका. सीजीएचएसमधून दरमहा बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात, वय वंदनात बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं बसत नाहीत. हौसेने ‘इकडचं पण घेऊन ठेवू’ म्हणून जुनं सोडू नका.

खासगी मेडिक्लेम किंवा कामगारांचा राज्य विमा, म्हणजे ईएसआयसी, असेल तर मात्र काही सोडावं लागत नाही, दोन्ही चालतं. तरी लोक कार्ड हातात पडताच मेडिक्लेमचा हप्ता थांबवतात. मुंबईतली मोठ्या नावाची सगळीच खासगी रुग्णालयं या योजनेत नाहीत. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं रुग्णालय यादीत आहे का हे बघितल्याशिवाय पॉलिसीला हात लावू नका. विमा कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टिंगचा, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी द्या. इथे मात्र तारीख खरोखर चुकते.

नवरा ७२, बायको ६६, असं असेल तर बायकोला हे कार्ड मिळत नाही. तिच्यासाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०२४ पासून ती पांढऱ्या रेशन कार्डालाही लागू आहे. फक्त तिचं नाव त्या कार्डावर हवं आणि कार्डाला १२ अंकी ऑनलाइन क्रमांक हवा. मुंबईत पांढरं कार्ड कित्येकांनी वर्षानुवर्षं कपाटातून काढलेलं नसतं, नावं गावच्या कार्डावरच असतात. हे काम रेशनिंग ऑफिसचं आहे आणि वेळखाऊ आहे, म्हणून दुखणं येण्याआधी करा.

आणि कार्ड नसतानाच दाखल व्हायची वेळ आली तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनीसाचा) कक्ष शोधा, कार्ड तिथेही काढून मिळतं. मूळ आधार आणि त्याला जोडलेला फोन बरोबर न्या. अडलं तर योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करा.