टवके, ओघळ, चिखल : रणगाड्यांच्या मॉडेलवरील रंगकामाची पार्श्वभूमी

रणगाडा युद्धात पहिल्यांदा उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर. त्या ब्रिटिश ‘मार्क १’ रणगाड्यांवरचे बहुरंगी कॅमोफ्लाज, म्हणजे शत्रूची नजर चुकवणारे रंगकाम, आखले होते सॉलोमन जे. सॉलोमन यांनी. पेशाने ते व्यक्तिचित्रकार, लंडनच्या रॉयल अकॅडमीचे सदस्य. त्यांचे पट्टे फार दिवस चालले नाहीत. चिखलाने सगळे रंग सारखेच झाकून टाकले आणि पुढे सैन्याने सरळ एकच तपकिरी रंग घेतला. मॉडेलवर चिखल कशाला माखायचा, असे कुणी विचारले की मला ही गोष्ट आठवते.

दुसऱ्या महायुद्धात तर रंगाचा शेवटचा हात रणगाड्याच्या चालकदलाकडेच गेला. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे कारखान्यातून फक्त गडद पिवळ्या रंगात निघत. हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून तुकड्यांना मिळे. तो पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून ज्याने त्याने आपापल्या परीने फवारायचा. म्हणून एकाच तुकडीतल्या दोन गाड्याही सारख्या दिसत नाहीत. हिवाळ्यात वर चुनकळीसारखा पांढरा हात मारला जाई. हाताबुटांच्या घासण्याने आणि पावसाने तो उतरे.

मॉडेल बनवण्याच्या छंदाला मात्र या सगळ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. आज सर्वमान्य असलेले १/३५ हे प्रमाणही (मॉडेल खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे) योगायोगाने आले. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे चालते मॉडेल काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला होता. प्रमाण नंतर मोजले, ते १/३५च्या आसपास निघाले. १९६८ मध्ये त्याच प्रमाणात सैनिकांच्या आकृत्या येऊ लागल्या आणि जमिनीवर पळणारे खेळणे हळूहळू कपाटातल्या देखाव्यात जाऊन बसले.

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांनी मॉडेलचे संच विकणाऱ्या मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांत घातल्या जाणाऱ्या पत्रकांसाठी डायोरामा, म्हणजे मॉडेलांचे छोटे देखावे, रचले. आपणही असे करू शकतो, हे अनेकांना त्यांमुळेच कळले. पुढच्या दशकात बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांचा ठसा उमटला : खाचांत गडद वॉश (साचणारा पातळ रंग), कडांवर फिकट ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलेला रंग). यामागचे कारण साधे आहे. खऱ्या रणगाड्यावरचा दोन सेंटिमीटरचा रिव्हेट १/३५ मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा होतो. त्याची सावली डोळ्याला दिसतच नाही, ती रंगवूनच दाखवावी लागते. पुढे या पद्धतीचा अतिरेक झाला आणि मॉडेले पीठ भुरभुरल्यासारखी दिसू लागली, हेही खरे.

त्यावरचा उतारा बराचसा स्पेनमधून आला. मिग हिमेनेझ आणि त्यांच्या पिढीने पातळ फिल्टर (रंगछटा किंचित बदलणारा पारदर्शक थर), मातीची पिगमेंट (रंगीत पूड) आणि एकाच रंगाच्या उजळ-गडद छटा रूढ केल्या. हेअरस्प्रेची युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक. मग पाण्याने ओला केलेला ब्रश हलकेच घासायचा. खालचा हेअरस्प्रेचा थर विरघळतो आणि वरच्या रंगाचे टवके उडतात, अगदी रणगाड्यावरचा पांढरा हात उतरायचा तसे. गंजाबाबत मात्र हात आखडता घ्यावा. आघाडीवरच्या अनेक गाड्या काही महिन्यांतच निकामी होत, जाड चिलखताला पोखरायला गंजाला तेवढी सवडच मिळत नसे. चाकांवरून फिरणारे लोखंडी पट्टे आणि सायलेन्सर तेवढे लवकर तांबडे पडत.

आता या कामाच्या टेबलावर चित्रकाराच्या तैलरंगांच्या नळ्या हमखास असतात. चिलखताच्या उभ्या पत्र्यावर पांढरा, पिवळा, निळा, गडद तपकिरी असे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्यायचे. थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला सपाट ब्रश वरून खाली ओढायचा. ठिपके एकमेकांत विरतात आणि पत्र्यावर पावसाचे ओघळ उरतात.