परिचर्याशिक्षणातील परदेशी स्वयंसेवा : मलावी

मायदेशातली नोकरी काही काळ बाजूला ठेवून, आरोग्यसेवा अपुरी असलेल्या देशात परिचारिका घडवण्यासाठी शिकवायला जाण्याची प्रथा. मोफत शस्त्रक्रियांसाठी जाणारी वैद्यकीय पथके आणि हे काम यांत मोठा फरक आहे. पथक रुग्ण बरे करून परतते. परिचर्याशिक्षकाच्या कामाचा कस तो परतल्यावर लागतो. प्रथा जुनी आहे. मिरजेला 1894 साली डॉ. वान्लेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलातही परिचारिकांचे शिक्षण परदेशातून आलेल्या परिचारिकांनीच रुजवले. अलीकडच्या काळातले तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आग्नेय आफ्रिकेतील मलावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अहवालानुसार जगातील रोगांचा 24 टक्के भार आफ्रिका विभागावर होता आणि आरोग्य कर्मचारी मात्र 3 टक्के. मलावीत एचआयव्हीच्या साथीने रुग्ण वाढवले आणि कर्मचारीही हिरावले. त्यातच चांगल्या पगारासाठी अनेक परिचारिका ब्रिटनला गेल्या. अनुभवी माणसे गेली की दुहेरी नुकसान होते, कारण ट्यूटर, म्हणजे परिचर्या शिकवणारे शिक्षक, त्यांच्यातूनच मिळतात. वॉर्ड रिकामा झाला आणि वर्गही.

2004 मध्ये मलावी सरकारने ब्रिटन व इतर देणगीदारांच्या मदतीने आणीबाणीचा मनुष्यबळ कार्यक्रम हाती घेतला. निवडक पदांवरील कर्मचाऱ्यांना पगारावर 52 टक्के भत्ता, प्रशिक्षण संस्थांचा विस्तार आणि दरम्यानची पोकळी भरायला परदेशी स्वयंसेवक डॉक्टर व नर्सिंग ट्यूटर, असे त्याचे स्वरूप होते. 1958 पासून काम करणाऱ्या व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेमार्फत असे स्वयंसेवक आले. महत्त्वाच्या पदांवरील कर्मचारी 2004 मधील 5,453 वरून 2009 पर्यंत 8,369 झाले. या वाढीत भत्त्याचा आणि संस्थाविस्ताराचा वाटा मोठा आहे. ती स्वयंसेवकांच्या खात्यावर मांडू नये. पुढे 2013 मध्ये पीस कोर ही अमेरिकेची सरकारी स्वयंसेवक संस्था आणि सीड ग्लोबल हेल्थ ही बिगरसरकारी संस्था यांनी मलावी, टांझानिया व युगांडा येथे एक वर्षाच्या मुदतीने डॉक्टर आणि परिचारिका शिक्षक म्हणून पाठवायला सुरुवात केली. शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्यांना फेडीसाठी साहाय्य मिळे. ही तरतूद साधी दिसते, पण तिच्यामुळे स्वयंसेवा केवळ सुखवस्तूंपुरती राहिली नाही.

प्रत्यक्ष शिकवणे तीन ठिकाणी चालते : वर्गात, स्किल लॅबमध्ये आणि वॉर्डात. वर्गाची अडचण तुलनेने कमी, कारण मलावीत नर्सिंगचे शिक्षण इंग्रजीतून होते. स्किल लॅबमध्ये बाळंतपणाचे आणि नवजात बाळाच्या श्वासाचे धडे पुतळ्यांवर गिरवले जातात. 2010 पासून प्रसार झालेल्या ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या प्रशिक्षणातला पुतळा पाणी भरून बाळाएवढा जड करता येतो. बाळ रडले नाही तर पुसणे, चोळणे, गरज पडल्यास पिशवी-मास्कने हवा देणे, हे पहिल्या मिनिटाच्या आत व्हायला हवे. त्याला विजेचीही गरज लागत नाही. असे धडे टिकतात. व्हेंटिलेटरवरचे व्याख्यान, जिथे व्हेंटिलेटरच नाही तिथे, वहीतच राहते.

खरी कसोटी वॉर्डात. पुस्तक सांगते, प्रत्येक रुग्णाची नोंद ठरलेल्या वेळी घ्या. रात्रपाळीला मात्र एका परिचारिकेच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो. अंघोळ घालणे, भरवणे ही कामे रुग्णाचे नातेवाईक करतात. त्यांना तिथे ‘गार्डियन’ म्हणतात आणि त्यांचा स्वयंपाकही रुग्णालयाच्या आवारातच चालतो. आपल्याकडचे सरकारी रुग्णालय पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. विद्यार्थी पुस्तकातले आदर्श आणि वॉर्डातली तडजोड यांच्यात अडकतो. अशा वेळी खाटेजवळ उभे राहून ‘सहा गोष्टी शक्य नसतील तर आधी कोणती दोन करायची’ हे शिकवणारा शिक्षक अनमोल ठरतो. पण हे उत्तर पाहुण्याकडे तयार नसते. रुग्णाशी चिचेवा भाषेत विद्यार्थीच बोलतात आणि कुठे हातमोजे संपले की काय करतात, हे तिथल्या सिस्टरलाच माहीत असते. म्हणून चांगल्या योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाला स्थानिक सहशिक्षकाची जोड दिलेली असते आणि मलावीच्या परिचर्या परिषदेची नोंदणी घेतल्याशिवाय तो रुग्णाला हात लावत नाही.

या प्रथेवरील आक्षेप गंभीर आहेत. दोन-चार आठवड्यांसाठी येणाऱ्यांची ओळख करून देण्यातच स्थानिक शिक्षकांचा वेळ जातो. पाहुणा रिकाम्या पदावर बसला की ते पद भरण्याची निकड ओसरते. सर्वांत बोचरी बाब वेगळीच : पगाराला पैसा नसल्याने मलावीत शिकून तयार झालेल्या अनेक परिचारिका नोकरीविना राहिल्या, वॉर्ड मात्र अपुऱ्या मनुष्यबळावर चालत राहिले. कितीही निष्ठेने शिकवले तरी शिक्षक पद निर्माण करू शकत नाही. श्रीमंत देशांनी अशा देशांतून भरती करताना संयम पाळावा, अशी आचारसंहिता जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये स्वीकारली. ती बंधनकारक नाही. एका हाताने परिचारिका नेणाऱ्या देशाने दुसऱ्या हाताने शिक्षक पाठवणे ही भरपाई नव्हे.

पीस कोरबरोबरची भागीदारी 2018 मध्ये संपली. सीडचे काम मलावी, युगांडा, झांबिया आणि सिएरा लिओनमध्ये सुरू आहे. ज्या कामुझू नर्सिंग कॉलेजात हे स्वयंसेवक शिकवत, ते 2021 मध्ये ब्लँटायरच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी एकत्र होऊन कामुझू आरोग्यविज्ञान विद्यापीठ झाले.