रक्ती आव म्हणून गेलेले महिने: अल्सरेटिव्ह कोलायटिसची पार्श्वभूमी

मराठवाड्यात परसाकडे रक्त पडलं की आधी तीन नावं येतात: उष्णता, मूळव्याध, आव. सब्जा-ताक होतं, मोडाचं औषध होतं, आवेच्या गोळ्या होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार, हे चौथं नाव कागदावर उमटेपर्यंत पुष्कळदा महिनोन्‌महिने गेलेले असतात.

लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या, ओळखीतल्या एका मुलाने महिनाभर मेसच्या तिखटाला दोष दिला. सुट्टीत आईने कपडे धुवायला घेतले तेव्हा घरी कळलं. तोवर तो रात्रीतून तीनदा उठत होता. मूळव्याधीतही रक्त जातं, पण झोपेतून उठवणारी घाई हे मूळव्याधीचं लक्षण नव्हे. एवढं कुणी सुरुवातीलाच विचारलं असतं तर त्या पोराचे हाल वाचले असते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव लंडनमध्ये १८५९ साली वापरलं गेलं. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात संधिवातासाठी काढलेलं सल्फासॅलाझिन या आजारावरही लागू पडलं. पण पहिल्या झटक्याचं चित्र पालटलं ते १९५५ साली. ब्रिटनमधल्या २१० रुग्णांच्या चाचणीत कॉर्टिसोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के सहा आठवड्यांत लक्षणमुक्त झाले. न घेतलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. झटका किती तीव्र आहे हे ठरवायची पट्टीही तेव्हाचीच: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप, नव्वदच्या वर नाडी किंवा उतरलेलं हिमोग्लोबिन. असा रुग्ण घरी ठेवायचा नसतो. वॉर्डात आजही हीच पट्टी लावतात.

आपल्याकडे वाद आहे तो आधी स्टेरॉइड द्यायचं की आवेचं औषध, याचा. अमीबाची आव असताना चुकून स्टेरॉइड गेलं तर आतडं फुटू शकतं, जीवही जातो. डॉक्टरांची ही भीती पूर्णपणे रास्त आहे. १९६६ साली मेट्रोनिडाझोल आवेवर गुणकारी ठरलं आणि स्वस्त, खात्रीची गोळी हाताशी आली. मराठवाड्यात पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं १९५६ साली, आणि दुर्बिणीची तपासणी जिल्ह्याच्या गावांत पोचायला पुढे कितीतरी वर्षं लागली. तोवर काचपट्टीवर दिसेल तो पुरावा, आणि पट्टीवर सिस्ट (अमीबाचं कवचातलं रूप) दिसलं की निदान झालं. पण १९९३ साली स्पष्ट झालं की सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसणारे अमीबा दोन जातींचे असतात आणि त्यांतला एक निरुपद्रवी आहे. म्हणजे ‘सिस्ट सापडले’ एवढ्यावरून रक्त अमीबामुळेच पडतंय असं ठरत नाही. आवेचा एक कोर्स देणं समजू शकतं. तोच कोर्स तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लिहून देणं मला समर्थनीय वाटत नाही. दुर्बीण घालून मोठ्या आतड्याचा तुकडा तपासायला पाठवायची वेळ दुसऱ्या कोर्सच्या आधीच आलेली असते. त्यासाठी नांदेडकर हैदराबाद गाठतात, धाराशिवचे लोक सोलापूर. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला कोपी सोडून तेवढं जाणंही जमत नाही.

पुढचा गुंता ‘बरा झाला’ या शब्दाचा. सल्फासॅलाझिनमधला खरा कामाचा भाग १९७७ साली ओळखला गेला. आजचं मेसालामिन ते हेच. रक्त थांबलं, वजन भरलं की घरचे ही गोळी बंद करतात. स्टेरॉइड काही आठवड्यांत उतरवत न्यायचं असतं, मेसालामिन मात्र चालूच ठेवायचं असतं. ते सोडलं की आजार उलटण्याची शक्यता कितीतरी वाढते. आता शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनवरून, म्हणजे आतड्याला सूज आली की वाढणाऱ्या एका प्रथिनावरून, आतली सूज कळते. २००५ नंतर इंजेक्शनं आली, २०१८ नंतर नव्या जातीच्या गोळ्याही.

सुरुवात वाईट म्हणजे पुढचं सगळं वाईट, असं नाही. नॉर्वेत दहा वर्षं पाहिलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार सुरुवातीच्या जोरानंतर शांत झाला होता किंवा सौम्य राहिला होता. आतडं काढावं लागलं ते दहातल्या एकाचं.

लातूरचा तो मुलगा आता रोज किती वेळा जावं लागलं आणि रक्त दिसलं का, हे वहीत लिहितो. तपासणीला गेला की डॉक्टर आधी ती वही मागतात.