पार्श्वभूमी : प्रतिबल मोजलं कुणी?

यंत्रभागांच्या चाचणीच्या अहवालात ‘मोजलेला स्ट्रेस : २०० मेगापास्कल’ अशी ओळ सर्रास असते. स्ट्रेस म्हणजे प्रतिबल, भाराखालच्या वस्तूच्या आत दर क्षेत्रफळामागे येणारं बल. प्रत्यक्षात मोजलेला असतो तो स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बारीकसा फरक. त्याला मापांकानं, म्हणजे त्या पदार्थाच्या ताठरपणाच्या आकड्यानं, गुणून स्ट्रेस कुणीतरी मागाहून काढलेला असतो. गेल्या शंभरेक वर्षांतला या क्षेत्राचा बराचसा गोंधळ या एका ओळीत सापडतो.

एका पद्धतीला यात थोडी सूट द्यावी लागेल. दाबलेल्या काचेतून ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश सोडला की रंगीत पट्टे दिसतात, हे १८१६ साली प्रसिद्ध झालं. पट्ट्यांचा संबंध दोन मुख्य प्रतिबलांमधल्या (त्या जागी काटकोनातल्या दोन दिशांना असलेल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान प्रतिबलांमधल्या) फरकाशी लावणारं सूत्र १८५३चं. पुढे सेल्युलॉइड आणि बेकेलाइटच्या सपाट प्रतिकृती आल्या. १९३६च्या सुमारास प्रतिकृती भाराखाली तापवून सावकाश थंड करायची, आत ‘गोठलेले’ पट्टे तसेच ठेवून तिचे काप काढायचे, ही युक्ती निघाली. इथे प्रतिबल खरोखर डोळ्यांना दिसतं. मात्र दिसतो तो फरकच, दोन्ही प्रतिबलं सुटी दिसत नाहीत. आणि तोही प्लास्टिकमधला. खरा भाग पोलादाचा असतो.

आकडेमोडीची बाजूही वाटते तितकी नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये दगडी धरणांच्या आत खेच निर्माण होते का, यावर मोठा वाद झाला. कुणी रबराच्या प्रतिकृती करून पाहिल्या. १९१०च्या एका निबंधात मात्र धरणाच्या छेदावर चौकटी आखून प्रत्येक छेदबिंदूवर हातानं गणित केलं होतं. हिशेबाला मुलं बसवलेली, मजुरी कामाच्या मोजणीवर, चुकलेलं गणित वजा. संगणक नसताना संगणकीय पद्धत होती ती अशी.

या विषयाला कलाटणी दिली ती १९३८नं. ताणल्यावर तारेचा विद्युतरोध बदलतो हे १८५६पासून ठाऊक होतं, पण ती तार वस्तूला चिकटवून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते सुचलं अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या दोघांना, एकमेकांना न कळता. एक जण आघाताच्या चाचण्यांवर काम करत होता, दुसरा भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचं काय होतं याच्या मागे होता. दुसऱ्याच्या संस्थेच्या पेटंट समितीनं या शोधाला व्यापारी महत्त्व फारसं नाही असं ठरवून हक्क त्याच्याकडेच सोडले. पुढे विमानांपासून वजनकाट्यांपर्यंत चिकटवलेल्या तारेची हीच पट्टी, म्हणजे स्ट्रेन गेज, पोचली, तेव्हा त्या समितीतल्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. १९५२च्या सुमारास तारेची जागा पातळ पत्र्याच्या कोरीव जाळीनं घेतली, आणि आजही गेज म्हणजे तीच.

खरी गफलत इथूनच सुरू झाली. १२० ओहमचा गेज, गेज फॅक्टर (रोधातला सापेक्ष बदल स्ट्रेनच्या किती पट, तो आकडा) २, स्ट्रेन १००० मायक्रो, म्हणजे हजारात एक : रोध बदलतो ०.२४ ओहमनं. पोलादाचा मापांक २०० गिगापास्कल, म्हणून स्ट्रेस २०० मेगापास्कल. एकाच दिशेनं ओढलेल्या सळईला हा हिशेब चालतो. चेंडूसारख्या गोल, आतून दाब असलेल्या टाकीच्या भिंतीवर तोच गेज लावा. तिथे प्रतिबल दोन्ही दिशांना सारखं असतं आणि एका दिशेची खेच दुसऱ्या दिशेचा स्ट्रेन कमी करते. पॉयसन गुणोत्तर (ताणलेला पदार्थ आडव्या दिशेनं किती आक्रसतो ते प्रमाण) ०.३ धरलं तर त्याच १००० मायक्रोस्ट्रेनला खरं प्रतिबल २८६ निघतं. म्हणजे अहवालातला २०० हा आकडा तीस टक्क्यांनी कमी, आणि तोही धोक्याच्या बाजूला. मुख्य दिशा माहीत नसतील तर एका ठिकाणी तीन गेजांची रोझेट लावावी लागते. गेज चिकटवण्याआधीपासून धातूत अडकलेलं, वेल्डिंगचं वगैरे प्रतिबल तर त्याला कळतच नाही. ते कळायला शेजारी भोक पाडून ते सैल करावं लागतं. भोक पाडण्याची ही पद्धत १९३४ची, गेजापेक्षाही जुनी.

मराठीत गुंता आणखी वाढतो. पुस्तकी परिभाषेत स्ट्रेस म्हणजे प्रतिबल आणि स्ट्रेन म्हणजे विकृती. बोलताना दोन्हींना ताण, आणि टेन्शनलाही ताणच. मग कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेसचा ‘दाबाचा ताण’ होतो, आणि प्रेशरही दाबच असल्यामुळे वाचणारा पुरता चक्रावतो. ‘विकृती’ कानाला रोगासारखी लागते म्हणून टाळली जाते, हे समजू शकतं. पण ती टाळल्यामुळे मोजलेलं काय आणि काढलेलं काय, हा भेदच भाषेतून नाहीसा होतो. माझ्या मते इंग्रजी शब्द वापरलेले परवडले; दोघांना मिळून एक ‘ताण’ नको.

फायनाइट एलिमेंटवाल्यांनी, म्हणजे वस्तूचे जाळीसारखे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून संगणकावर गणित करणाऱ्यांनी, यावर हसू नये. त्रिकोणी पंखाच्या विमानाची ताठरता जुन्या सूत्रांनी जमेना, त्यातून १९५६चा गाजलेला निबंध आला. पद्धतीला हे नाव मिळालं १९६०मध्ये. तिच्या नेहमीच्या रूपात आधी निघतात ती विस्थापनं, म्हणजे कुठला बिंदू किती सरकला ते. प्रतिबल त्यांच्या उतारावरून, म्हणजे ती जागेनुसार किती झपाट्यानं बदलतात त्यावरून, काढलेलं, म्हणून अचूकतेत एक पायरी खालचं. रंगीत चित्रातली मऊ छटा शेजारच्या एलिमेंटांची सरासरी काढून आलेली असते. आतल्या बाजूच्या टोकदार कोपऱ्यात तर जाळी जितकी बारीक करावी तितका आकडा वाढतच जातो.

जाळी जाड राहिल्यावर काय होतं तेही दिसलं. ऑगस्ट १९९१मध्ये नॉर्वेच्या एका फ्योर्डमध्ये (समुद्राच्या अरुंद, खोल खाडीत) तेल-वायू उत्खननाचा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म चाचणीसाठी पाण्यात उतरवताना त्याची एक भिंत फुटली आणि तो बुडाला. नंतरच्या तपासात मूळ गणितात त्या जागचं शिअर (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारं) प्रतिबल ४७ टक्क्यांनी कमी आलेलं आढळलं. नीट जाळी घेऊन पुन्हा केलेल्या गणितानं भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं सांगितलं. ती प्रत्यक्षात फुटली होती ६५ मीटरवर.

ऐंशीच्या दशकात आलेल्या डिजिटल इमेज कोरिलेशननं गेजाच्या एका बिंदूऐवजी सबंध पृष्ठभाग दिला. भागावर ठिपके फवारायचे आणि कॅमेऱ्यांनी ते कुठे सरकले ते पाहायचं. तिथेही हाती येतं ते विस्थापन, मग स्ट्रेन. धातू एकदा यील्ड झाला, म्हणजे भार काढल्यावरही मूळ आकारात परतेनासा झाला, की मापांकाचा गुणाकारही संपतो. त्यामुळे जाणकार प्रयोगशाळांत आता कॅमेऱ्याची विस्थापनं आणि एलिमेंटची विस्थापनं थेट शेजारी ठेवून ताडून पाहतात, आणि स्ट्रेसचा रकाना जुळणी झाल्यावरच भरतात.